‘नंबर सांगा’ म्हटल्यावर: आपल्या माहितीवर आपला हक्क किती?

मागच्या पावसाळ्यात आईच्या साखरेची तपासणी करून घेतली. उपाशीपोटी एकदा आणि जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा एकदा. रक्त घ्यायला लॅबचा मुलगा घरीच आला. त्याने आपल्या मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये आईचं नाव, वय, पत्ता आणि माझा नंबर भरला. संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला, मी तो आमच्या डॉक्टरांना पाठवला आणि विसरून गेले.

चौथ्या दिवशी दुपारी एका बाईंचा फोन आला. आईचं नाव घेऊन, वय अगदी बरोबर सांगून त्या म्हणाल्या, “काकूंची शुगर वाढलीय ना? आमच्याकडे एक आयुर्वेदिक चूर्ण आहे, तीन महिन्यांत गोळ्या बंद.” मी विचारलं, “ही माहिती तुम्हाला दिली कोणी?” पलीकडे क्षणभर शांतता, आणि फोन कट.

आई शेजारीच मेथी निवडत बसली होती. फोन स्पीकरवर होता, तिने सगळं ऐकलं. म्हणाली, “अगं, मी अजून तुझ्या मावशीलासुद्धा सांगितलं नाही. आणि यांना कळलं?”

तिच्या आवाजातलं ते ओशाळलेपण मला अजून बोचतं. काही चूक नसताना तिला खाली बघायला लागलं. लॅबचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण माहिती तिथूनच फुटली याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण त्या दिवसापासून या विषयातले कायदे, नियम, निकाल असं जे हाती लागलं ते वाचत गेले. आपल्याला वाटतो त्यापेक्षा आपला हक्क बराच मोठा आहे, हे तेव्हा कळलं. तो हातात धरायचा तर समोरच्याला एक प्रश्न विचारायची सवय लागते: “कशासाठी हवंय?” अख्खा कायदा या प्रश्नाभोवती कसा फिरतो, ते इथे सांगते.

रात्री दार वाजवणारे पोलीस

सुरुवात जरा मागून करते. उत्तर प्रदेशात खरक सिंग नावाचे एक गृहस्थ होते. १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात पोलिसांनी त्यांना पकडलं आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. पण त्यांच्या नावाने पाळतीची फाइल मात्र उघडली. मग रात्री-अपरात्री पोलीस घरी यायचे, दार वाजवायचे, झोपेतून उठवायचे. खरक सिंग सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६२ मध्ये न्यायालयाने पोलिसांच्या या रात्रीच्या फेऱ्या घटनाबाह्य ठरवल्या, पण त्याच निकालात असंही म्हटलं की खासगीपणा नावाचा मूलभूत हक्क आपल्या राज्यघटनेत नाही. त्याआधी १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींच्या पीठानेही तसाच सूर लावला होता.

ही दोन जुनी वाक्यं पन्नासहून जास्त वर्षं आडवी येत राहिली. २०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी, वयाची ऐंशी उलटल्यावर, आधार योजनेला आव्हान दिलं. सरकारी पक्षाने २०१५ मध्ये तीच वाक्यं पुढे केली: मुळात हक्कच नाही, तर भंग कसला? प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊच्या नऊ जणांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच, तो सामावलेला आहे.

त्या निकालातला एक भाग मी थांबून पुन्हा वाचला. मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं. आणीबाणीत, १९७६ साली, ‘एडीएम जबलपूर’ खटल्यात नागरिकाला अटकेविरुद्ध दादच मागता येणार नाही असा निकाल देणाऱ्या बहुमतात त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड होते. मुलाने आपल्या निकालपत्रात वडिलांचा तो निकाल चुकीचा होता असं स्वच्छ लिहिलं आणि तो मोडीत काढला. न्यायालयाच्या इतिहासात असे क्षण फार थोडे.

आता याचा आपल्या रोजच्या जगण्याशी संबंध काय? सरकारला तुमच्या खासगी गोष्टीत शिरायचं असेल तर तीन पायऱ्या चढाव्या लागतात. तसा कायदा हवा, त्यामागचा हेतू रास्त हवा, आणि मागितलेली माहिती त्या हेतूच्या मानाने बेताचीच हवी. ढेकूण झाले म्हणून घर जाळायचं नाही, एवढाच तिसऱ्या पायरीचा अर्थ. याच कसोट्या लावून २६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने आधार योजना कायम ठेवली, पण बँक खातं आणि मोबाइलचं सिम आधारला जोडण्याची सक्ती रद्द केली.

मूलभूत हक्क मुख्यतः सरकारसमोर चालतो. लॅब, दुकान, ॲप, बँक यांना लगाम घालायला वेगळा कायदा हवा होता. त्याचा आराखडा न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये दिला. मुंबईच्या दंगलीची चौकशी करणारे श्रीकृष्ण ते हेच. २०१९ चं विधेयक संसदीय समितीत फिरत राहिलं आणि २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि त्यातही बहुतेक कलमं नियमांनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. पुढे मी ‘नवा कायदा’ म्हणेन तेव्हा ही तारीख लक्षात असू द्या. तोपर्यंत काय करायचं, तेही सांगते.

धनी आणि विश्वस्त

कायद्यातले दोन शब्द समजले की अर्धं काम झालं. ज्याची माहिती आहे तो ‘डेटा प्रिन्सिपल’. ज्याने ती घेतली आणि तिचं काय करायचं ते जो ठरवतो तो ‘डेटा फिड्युशरी’. आपल्या भाषेत पहिला माहितीचा धनी आणि दुसरा विश्वस्त.

विश्वस्त म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. देवस्थानच्या विश्वस्ताकडे देवीच्या दागिन्यांच्या पेटीची किल्ली असते. उत्सवाला तो दागिने काढतो, मूर्तीवर चढवतो, पुन्हा मोजून पेटीत ठेवतो. म्हणून ते दागिने त्याचे होत नाहीत, आणि मुलीच्या लग्नात तिच्या अंगावर घालायला तर तो ते नक्कीच नेऊ शकत नाही. लॅबकडे आईच्या साखरेचा आकडा असतो तो या नात्याने. तपासणीचे पैसे घेतले, रिपोर्ट दिला. आकडा आईचाच राहतो.

आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडली. आपले कायदे माणसाला सरसकट ‘तो’ म्हणत आले. या कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात माहितीच्या धन्यासाठी सगळीकडे ‘ती’ हे सर्वनाम वापरलंय, आणि त्यात सगळे येतात.

कायद्याची हद्द मात्र नीट समजून घ्यावी लागते. तो फक्त डिजिटल माहितीला लागू आहे. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाका वहीत तुमचं नाव, नंबर, गाडीचा क्रमांक लिहून घेतात, ती वही कायद्याबाहेर. हीच नोंद गेटवरच्या ॲपमध्ये गेली, किंवा वहीची पानं स्कॅन करून संगणकात चढवली, की कायदा सुरू. झेरॉक्सच्या दुकानात राहिलेली तुमच्या आधार कार्डाची प्रतही अशीच कायद्याच्या उंबऱ्याबाहेर पडून राहते, आणि ही उणीव लहान नाही. घरगुती वापरही वगळलाय, त्यामुळे आत्याने कुटुंबाच्या ग्रुपवर तुमचा बारशाचा फोटो टाकला तर तिच्यावर हा कायदा चालणार नाही. तुम्ही स्वतः होऊन जगजाहीर केलेली माहितीही यात येत नाही. उलट एखादी कंपनी परदेशात बसून भारतातल्या लोकांना सेवा विकत असेल, तर तिला मात्र हा कायदा लागू आहे.

मेडिकलच्या काउंटरवर

आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये परवा हे झालं. क्रोसिनची एक पट्टी घेतली. काउंटरवरच्या मुलाने कीबोर्डवर बोटं ठेवली आणि वर न बघता म्हणाला, “नंबर सांगा ताई.”

“कशासाठी?”

त्याने मान वर केली. हा प्रश्न त्याला बहुधा कोणी विचारलाच नव्हता. “बिलावर टाकायला.”

“कागदी बिल द्या ना.”

“सिस्टीम पुढे जात नाही ताई.” मग त्याने दहा वेळा नऊ दाबलं, सिस्टीम पुढे गेली, बिल निघालं.

गंमत अशी, की कायद्यात अगदी हेच दुकान उदाहरण म्हणून दिलंय. एक बाई औषधाच्या दुकानात खरेदी करते, आपण होऊन नंबर देते आणि पैसे मिळाल्याचा मेसेज पाठवा म्हणते. कायदा सांगतो, दुकानदाराने तो नंबर त्या पावतीसाठी वापरावा. तेवढ्यासाठीच. त्या नंबरावर पुढच्या महिन्यात प्रोटीन पावडरच्या सवलतीचा मेसेज आला, तर तो त्या हेतूत बसत नाही. नंबर दिल्याशिवाय बिलच मिळणार नाही असं अडवून धरणं तर याहून वाईट. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना तसं करू नका म्हणून सांगितलं होतं.

संमतीबद्दल कायदा काय म्हणतो, ते इथे नीट बघू. संमती मोकळेपणाने दिलेली हवी, ठरावीक कामापुरती हवी, समजून-उमजून दिलेली हवी, तिला दुसरी अट जोडलेली नको आणि ती स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. आधीपासूनच खूण केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे. संमती घेण्याआधी नोटीस द्यायची, तीही सोप्या भाषेत: कोणकोणती माहिती घेतोय, नेमक्या कोणत्या कामासाठी, संमती मागे कशी घ्यायची, तक्रार कुठे करायची. ही नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी तुम्ही निवडाल त्या भाषेत मिळाली पाहिजे. म्हणजे मराठीत मागता येईल, गोव्यात कोकणीत मागता येईल. चाळीस पानी इंग्रजीखाली ‘मला मान्य आहे’ दाबून घ्यायचे दिवस निदान कागदावर तरी सरले.

आणि संमती द्यायला जेवढं सोपं, तेवढंच ती मागे घ्यायला सोपं हवं. एका टिचकीने घेतली असेल, तर मागे घ्यायला कुरिअरने अर्ज पाठवा म्हणता येणार नाही.

कायद्यातलं दुसरं एक उदाहरण तर प्रत्येकाने लक्षात ठेवावं. डॉक्टरांचा सल्ला देणारं एक ॲप फोनमधली संपर्क यादीही मागतं, आणि वापरणारी बाई दोन्हीला ‘हो’ म्हणते. कायदा म्हणतो, वैद्यकीय सल्ल्याला संपर्क यादी लागत नाही, म्हणून तिने ‘हो’ म्हटलं तरी ते ‘हो’ फक्त वैद्यकीय सल्ल्यापुरतं धरायचं. मला हे कलम फार मोलाचं वाटतं. कारण आपण सगळेच घाईत, लाइनीत उभे राहून, लेकराला कडेवर घेऊन ‘हो, हो’ दाबत जातो. त्या घाईचा फायदा कोणी घेऊ नये, याची काळजी इथे कायद्याने घेतलीय.

संपर्क यादी मागण्यामागे काय दडलेलं असतं, ते कर्ज देणाऱ्या ॲपनी दाखवून दिलं. पाच-दहा हजार रुपये दहा मिनिटांत खात्यात येतात, आणि ॲप इन्स्टॉल करताना संपर्क, फोटो, कॉलची नोंद सगळ्याला परवानगी दिलेली असते. हप्ता चुकला की वसुलीचे फोन कर्जदाराला तर जातातच, शिवाय त्याच्या सासऱ्यांना जातात, वर्गमित्राला जातात, ऑफिसातल्या साहेबांना जातात. काहींचे फोटो नासवून सगळ्या संपर्कांना पाठवले गेले. या जाचाने लोकांनी जीव दिले आहेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम काढला की कर्जाच्या ॲपला फोनमधल्या फाइली, फोटो, संपर्क यादी आणि कॉलची नोंद यांना हात लावता येणार नाही. कॅमेरा, माइक किंवा लोकेशन ओळख पटवण्यापुरतं एकदा घेता येईल, तेही स्पष्ट संमतीने. हा नियम आज लागू आहे. म्हणजे कर्जाच्या ॲपने ‘संपर्क वापरू का?’ विचारलं, तर तिथेच समजायचं की पाणी मुरतंय, आणि ॲप काढून टाकायचं.

मागता काय येतं?

नव्या कायद्यात धन्याला काही नेमके हक्क दिलेत. माझ्यासाठी सगळ्यात मोठा पहिला. माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे, तुम्ही त्याचं काय करता, आणि ते तुम्ही आणखी कोणाकोणाला दिलंत, नावानिशी सांगा. त्या चूर्णवाल्या बाईंच्या फोननंतर मला नेमकं हेच विचारायचं होतं. ‘आमचे भागीदार’ असं गुळमुळीत उत्तर चालणार नाही, नावं द्यावी लागतील.

दुसरा हक्क दुरुस्तीचा आणि पुसून टाकण्याचा. नाव चुकलंय, जुना पत्ता राहिलाय, तर बदलून मागा. काम संपलंय, तर पुसून मागा. इथे एक मर्यादा आहे आणि ती रास्त आहे: दुसऱ्या कायद्याने माहिती ठेवणं बंधनकारक असेल तर ती ठेवावी लागते. खातं बंद केल्यावर बँक तुमची केवायसीची कागदपत्रं लगेच फाडून टाकू शकत नाही, कारण काळ्या पैशाला आळा घालणारा कायदा तिला पाच वर्षं ती जपायला लावतो.

तिसरा तक्रारीचा. आधी त्या कंपनीकडेच तक्रार करायची, उत्तर द्यायची मुदत जास्तीत जास्त ९० दिवस. समाधान झालं नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे, म्हणजे या कायद्याखालच्या तक्रारी ऐकून दंड ठोठावणाऱ्या मंडळाकडे, जायचं. थेट मंडळाकडे गेलात तर ते तुम्हाला परत पाठवेल, म्हणून कंपनीला केलेल्या मेलची प्रत जपून ठेवा.

चौथा हक्क कोणाच्या फारसा लक्षात येत नाही, तो वारस नेमण्याचा. मी गेल्यावर, किंवा अंथरुणाला खिळून भान हरपल्यावर, माझ्या माहितीबाबतचे हक्क कोणी बजावायचे हे मी आधीच ठरवून ठेवू शकते. ज्यांच्या घरात कोणी अचानक गेलंय, आणि नंतर त्या माणसाच्या फोनवर महिनोन्महिने वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि ऑफरचे मेसेज येत राहिलेत, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

माहिती फुटली तर? कंपनीने ती लपवायची नाही. ज्यांची माहिती फुटली त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवायचं: काय फुटलं, कधी, त्याने तुमचं काय नुकसान होऊ शकतं, तुम्ही कोणती खबरदारी घ्यायची. मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत. सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, फुटल्याचं कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला बंदी आहे.

धन्याचीही काही कर्तव्यं आहेत. दुसऱ्याच्या नावाने वावरायचं नाही, खोट्यानाट्या तक्रारी करायच्या नाहीत. केल्या तर १०,००० रुपयांपर्यंत दंड.

जिथे कायदा लंगडा पडतो

या कायद्याचं मी इतकं कौतुक केलं, तर त्यातलं जे मला सलतं तेही सांगितलं पाहिजे.

तो २५० कोटींचा दंड जातो सरकारी तिजोरीत. माझ्या आईची माहिती फुटली, तर तिला एक रुपयाही मिळणार नाही. हे जास्त खुपतं, कारण आज, या क्षणी, जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात भरपाईची सोय आहे. कलम ४३ अ म्हणतं, की कंपनीच्या हयगयीने तुमची संवेदनशील माहिती फुटली आणि नुकसान झालं तर तिने भरपाई द्यायची. पाच कोटींपर्यंतचा दावा ऐकायचा अधिकार राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांना आहे, म्हणजे आपल्याकडे मंत्रालयात. नवा कायदा पूर्ण लागू झाला की हे कलम निघून जाणार. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं, असंच मला वाटतं.

दुसरी सल सरकारची. अनुदान, दाखला, परवाना असं काही द्यायचं असेल तर सरकार तुमच्या संमतीशिवायही माहिती वापरू शकतं. हे एकवेळ समजू शकतं. पण देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणं देऊन केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला या कायद्यातून सरसकट वगळू शकतं, आणि मंडळाच्या सदस्यांची नेमणूकही केंद्र सरकारच करतं. खरक सिंगांच्या दारावर थाप मारणारा हात सरकारी होता, हे विसरता येत नाही.

तिसरी सल महाराष्ट्राच्या फार जवळची. माहिती अधिकाराची लढाई ज्या राज्यांनी लढली त्यात आपण पुढे होतो. अण्णा हजारे उपोषणाला बसले, राज्याचा कायदा २००२ मध्ये झाला आणि केंद्राचा त्यानंतर, २००५ मध्ये. त्या केंद्रीय कायद्यात वैयक्तिक माहिती नाकारायला बंधन होतं: तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा विनाकारण कोणाच्या खासगीपणात ढवळाढवळ होत असेल, तरच नाकारता यायची. नव्या कायद्याने ती अटच काढून टाकली, आणि हा बदल मे २०२७ पर्यंत थांबला नाही, नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झाला. आता ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ एवढं म्हणणं पुरेसं. गावातल्या रस्त्याच्या कामाची फाइल मागा, तीत ठेकेदाराचं नाव असतं, इंजिनिअरची सही असते. वैयक्तिक म्हणायचं तर सगळंच वैयक्तिक. एक दार अजून उघडं आहे: माहिती देण्यातलं जनहित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर ती द्यावी, हे कलम ८(२) शाबूत आहे. अर्ज करताना त्याचा उल्लेख करून जनहित काय ते दोन ओळींत लिहा. माझ्या आईच्या साखरेचा आकडा आणि ठेकेदाराला दिलेला सरकारी चेक या दोन गोष्टी एकाच पारड्यात टाकणं हा खासगीपणाच्या हक्कावरच अन्याय आहे.

मे २०२७ पर्यंत

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम आजही जिवंत आहेत. पासवर्ड, बँकेचे तपशील, आजारपण, वैद्यकीय रिपोर्ट, बोटांचे ठसे या गोष्टी त्यात ‘संवेदनशील’ धरल्यात. तुमच्या परवानगीशिवाय त्या तिसऱ्याला देता येत नाहीत, संमती लेखी मागे घेता येते, आणि प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमून महिन्याच्या आत तक्रार निकालात काढावी लागते. करारात मिळालेली माहिती फायद्यासाठी बाहेर देणाऱ्याला कलम ७२ अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आधारची प्रत द्यायची वेळ आली तर ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि आधार प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावरून ते फुकट उतरवून घेता येतं. बोटांचे ठसे तिथूनच लॉक करता येतात, ज्येष्ठांसाठी हे जरूर करा. नको असलेल्या जाहिरातींच्या फोनची तक्रार १९०९ वर करा, फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, बाकी सगळं नंतर.

मी लॅबला मेल लिहिला, मराठीतच. मजकूर साधा होता, हवा तर उचला:

“अमुक तारखेला माझ्या आईच्या रक्ताची तपासणी आपल्याकडे झाली. त्यासाठी दिलेलं नाव, वय, पत्ता, फोन नंबर आणि तपासणीचा निकाल ही माहिती केवळ रिपोर्ट देण्यासाठी होती. ती आपण अन्य कोणाला दिली आहे का? दिली असल्यास कोणाला, कधी आणि कोणाच्या परवानगीने, हे लेखी कळवावं. जाहिरातीसाठी ही माहिती वापरायला आमची संमती नाही, पूर्वी दिली असल्यास ती या पत्राने मागे घेत आहोत. माहिती तंत्रज्ञान नियम, २०११ नुसार एका महिन्यात उत्तर अपेक्षित आहे.”

खाली आईने स्वतः सही केली, चष्मा लावून, दोनदा वाचून. पत्राचा फोटो काढून मेलला जोडला.

चोविसाव्या दिवशी उत्तर आलं. आईचं नाव आणि माझा नंबर जाहिरातीच्या यादीतून काढल्याचं कळवलं होतं. म्हणजे अशी यादी होती, हे त्यांनी न विचारता सांगून टाकलं. माहिती कोणाला दिली, या प्रश्नावर मात्र एक अक्षर नव्हतं. दुसरं पत्र मी पाठवलंय, आणि त्याची प्रत फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलीय. खाली आईने पेन्सिलने लिहिलंय: मे २०२७, पुन्हा विचारणे.